लांबीवाल्या मावशीची भिंत

भिंतीला रंग द्यायचा तर आधी तिच्या भेगा, खड्डे, खिळ्यांची भोकं बुजवावी लागतात. त्यासाठी जो पांढरा लगदा पातळ पत्रीनं ओढून लावतात त्याला रंगारी लोक लांबी म्हणतात. कौतुक होतं ते रंगाचं. लांबीची आठवण कुणाला होत नाही, आणि झालीच तर ती वाईट लागली म्हणून होते. मावशीनं हे काम एकतीस वर्षं केलं, म्हणून तिचं नाव पडलं लांबीवाली मावशी. आज तीच मावशी मोठमोठ्या इमारतींच्या भिंतींवर चित्रं काढते, तिनं रंगवलेल्या लाकडी फळ्या दोन संग्रहालयांत टांगलेल्या आहेत आणि चांगली शिकलीसवरलेली माणसं तिच्यापुढे वही धरून सही मागतात. कुठल्याही कलाशाळेची पायरी ती कधी चढली नाही. म्हणजे तशी चढली. दोन कलाशाळांच्या जिन्यांना तिनंच लांबी लावलेली आहे. पण ते शिक्षणात धरत नाहीत.

लग्न झालं तेव्हा ती वीस वर्षांची होती. नवरा रंगकामाचा मिस्त्री, आणि त्याला सगळे मिस्त्रीच म्हणत. पुढे पुढे घरातलेही म्हणू लागले. एकदा ऐन कामात त्याचा एक माणूस सोडून गेला. दोन दिवस निभावून नेऊ म्हणून ती पदर खोचून गेली, ती कायमचीच. भिंती खरवडणं आणि लांबी भरणं, हे दोन्ही कटकटीचे उद्योग तिच्या वाट्याला आले. ज्या कामात नाकातोंडात धूळ जाते आणि नाव कुणाचंच होत नाही ते काम बायकांच्या गळ्यात कसं अलगद पडतं, हे वेगळं सांगायला नको.

तिसऱ्या वर्षी एका जुन्या शाळेचं काम चाललं होतं. वर्गाची भिंत खरवडताना वरचा मळकट पिवळा निघाला आणि खाली पोपटी लागला. पोपटीच्या खाली गुलाबी होता, गुलाबीच्या खाली गडद निळा. पत्री जिथं तिरपी बसली होती तिथं चारही रंग कडेकडेनं एकदम दिसत होते. कितीतरी वर्षांपूर्वी कुणीतरी तो निळा रंग पसंत केला असेल, मग दुसऱ्या कुणाला तो नकोसा झाला असेल. मावशी हातातली पत्री तशीच धरून उभी राहिली. तिला चक्कर आली असं वाटून मिस्त्री रंगकामाच्या उंच लाकडी घोड्यावरून उतरून आला. तिनं त्याला जरा बघा म्हटलं. त्यानं बघितलं, भिंत ओली आहे म्हणाला आणि पुन्हा घोड्यावर चढला.

त्या दिवसापासून तिला वेड लागलं, दुसरा शब्द नाही. मोडीत निघालेल्या दारांच्या फळ्या ती घरी आणायची. डब्यांच्या तळाशी उरलेला रंग त्यांवर लावायची, तो वाळू द्यायची, त्यावर दुसरा, मग तिसरा. आणि सगळं नीट वाळलं की पत्री घेऊन खरवडायला बसायची. कुठं एकच थर उचलायचा, कुठं दोन, कुठं थेट लाकडापर्यंत जायचं. कोणता रंग कोणत्या रंगावर धरतो, कोणता पापुद्रा होऊन सुटतो, कोणता शेवटपर्यंत चिवटपणा सोडत नाही, हे ज्ञान तिला कामावर फुकट मिळालं होतं. ब्रशनं तिनं आयुष्यात झाड काढलं नाही की माणूस काढला नाही. जमलं नसतं असं ती स्वतःच सांगते.

घर दोन खोल्यांचं. फळ्या खाटेखाली, फळ्या कपाटामागे, न्हाणीघराच्या दाराशी वाळत ठेवलेली एक फळी कायमचीच. लेक अभ्यासाला बसली की तिच्या वहीला कुठून ना कुठून रंग लागायचाच. सासूबाईंची मात्र करमणूक होती. त्यांना प्रत्येक फळीत काहीतरी सापडायचं: एकीत म्हैस, एकीत उलटी छत्री, आणि एकीत तर चक्क त्यांचा धाकटा दीर. नाकासकट. असं काही मी काढलेलं नाही हे मावशीनं परोपरीनं सांगून पाहिलं, पण सासूबाईंनी दीर ओळखला तो ओळखलाच, आणि ती फळी स्वतःच्या खाटेशेजारी ठेवून घेतली.

मिस्त्रीला यातलं काहीच पटत नव्हतं. भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखी दिसली पाहिजे, याच्यासाठी त्यानं जन्म घालवला होता, आणि इथं त्याचीच बायको चांगला लावलेला रंग मुद्दाम बिघडवत बसलेली. पण माणूस वाईट नव्हता. कामावरून येताना उरलेले डबे न विसरता आणायचा आणि न बोलता दारामागे ठेवायचा. फक्त चारचौघांत विषय निघाला की दुसरीकडे बघायचा. ते तिच्या लक्षात यायचं आणि लागायचंही, पण तोंडानं तिनं कधी बोलून दाखवलं नाही.

चित्रांचं एक मोठं वार्षिक प्रदर्शन भरायचं. तिथं तिनं चार वर्षं लागोपाठ फळी पाठवली. फॉर्मवर शिक्षण कुठं झालं आणि कुणाच्या हाताखाली झालं असे दोन रकाने होते; ते ती कोरे सोडायची. पहिल्या वर्षी खिडकीवरच्या माणसाला वाटलं ही कुणाचं तरी चित्र पोचवायला आलीय, त्यानं तिला मालकाला घेऊन यायला सांगितलं. चारही वर्षं फळी परत आली. चौथ्या वर्षी मागे चिठ्ठी चिकटवलेली होती, तिच्यावर दोनच शब्द होते: काम अपूर्ण. नाकारलं याचं तिला इतकं वाटलं नाही. पण एकेका फळीला चार-चार महिने दिलेल्या बाईला काम अपूर्ण म्हणायचं म्हणजे काय? तीन दिवस ती धुसफुसत होती, चौथ्या दिवशी नवी फळी काढली.

दैव उघडलं ते खांद्यामुळे. इतकी वर्षं खरवडून उजवा खांदा धरला होता, म्हणून ती हाडांच्या डॉक्टरांकडे जायची. त्यांच्या बाहेरच्या खोलीतली एक भिंत ओल येऊन फुगली होती. ती वाळेपर्यंत झाकायला म्हणून मावशीनं आपली एक मोठी फळी तिथं लावून दिली. भिंत वाळली, रंगवूनही झाली, पण डॉक्टर काही फळी परत देईनात. लोक बाहेर ताटकळत बसले तरी हल्ली कुरकुर करत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. तिथंच एक दिवस पाय मुरगळलेल्या एक आर्किटेक्ट बाई पाऊण तास त्या फळीसमोर बसल्या. नंबर आला तरी उठल्या नाहीत. आधी हे कुणी केलंय ते सांगा म्हणाल्या, पायाचं नंतर बघू.

त्या बाई पत्ता शोधत घरीच आल्या. फटकळ बाई, पण मनानं सरळ. खाटेखालच्या सगळ्या फळ्या त्यांनी स्वतः ओढून बाहेर काढल्या आणि जमिनीवर मांडून बघितल्या. त्या एक नवं मोठं वाचनालय बांधत होत्या आणि त्याच्या रंगाचं काम योगायोगानं मिस्त्रीकडेच होतं. दारातून आत शिरल्यावर समोर येणारी भिंत बावीस फूट लांब आणि बारा फूट उंच. तिच्यावर मावशीनं काम करावं असं त्यांनी सुचवलं. वाचनालयाच्या पाच जणांच्या समितीनं कुरकुरत मान्यता दिली, पण करारात एक अट घालून. काम झाल्यावर समिती बघेल. पसंत पडलं नाही तर याच रंगाऱ्यांनी दोन दिवसांत भिंत लांबी भरून पांढरी करून द्यायची.

डॉक्टरांनी मावशीला आधीच बजावलं होतं, हा खांदा असं एखादं मोठं काम सोसेल, फार तर दोन. तेव्हा होकार देऊन आल्यावर तिनं मिस्त्रीला समोर बसवलं आणि शांतपणे सांगितलं.

"ही भिंत पसंत पडली तर मी चित्रकार. नाही पडली तर फळ्या मोडीत द्या. मी पुन्हा हा विषय काढणार नाही."

मिस्त्री घाबरला. उगाच काहीतरी बोलायची तिला सवय नव्हती.

सात आठवडे ती त्या भिंतीपाशी होती. ऑइलपेंटचे नऊ हात मारले, प्रत्येक हात वाळेपर्यंत थांबून. धूळ बसू नये म्हणून भिंतीपुढे वरपासून खालपर्यंत प्लॅस्टिकचा पडदा लावला. वरच्या मजल्यांवर मिस्त्रीची सहा माणसं काम करत होती. सगळ्यांत जुने आणि वयानं मोठे ते तात्या. मावशी पडद्याआड काय करतेय असं त्यांनी विचारलं तेव्हा मिस्त्री म्हणाला, ती खालची भिंत बघतेय. तेवढंच म्हणाला. बायको चित्र काढतेय हे सांगायला त्याची जीभ रेटेना. आणि पुढचं सगळं रामायण या एका वाक्यातून झालं.

मग खरवडणं सुरू झालं. लाल, त्याखालचा राखाडी, त्याखालचा गर्द हिरवा असे थर उघडत गेले. बावीस फुटांवरून रंग एकमेकांना वाट देत, एकमेकांवर चढत चालले होते. पण चित्र काही बसेना. जिथं पत्री पार प्लास्टरपर्यंत गेली होती तिथं सिमेंट दिसायचं, आणि ते मेलं इतकं निस्तेज होतं की शेजारचे रंगही पडून जायचे. तिनं लांबून बघितलं, जवळून बघितलं, शिडीवर बसून बघितलं. समिती यायला तीन दिवस उरले आणि उपाय सापडत नव्हता.

त्याच दिवशी दुपारी जावयाचा फोन आला. लेकीला दिवसांच्या आधीच कळा सुरू झाल्या होत्या. भिंत गेली खड्ड्यात म्हणत मावशी निघाली, मिस्त्रीही निघाला. सहा तासांचा बसचा प्रवास. मुलगी झाली, आई आणि बाळ सुखरूप. दोन दिवस मावशीनं भिंतीचा विचार केला नाही, असं ती सांगते. थोडा केला असणार.

इकडे समिती यायच्या आदल्या दिवशी सकाळी शेवटची साफसफाई करायला तात्या खाली आले आणि त्यांनी पडदा बाजूला केला. समोर काय, तर अर्धवट खरवडलेली भिंत. कुठं लाल राहिलाय, कुठं हिरवा, कुठं प्लास्टर उघडं पडलंय. चाळीस वर्षं रंगकामात घालवलेल्या माणसाला जे कळायचं तेच तात्यांना कळलं: बिघडलेला रंग काढायचं काम चाललंय आणि ते निम्म्यात राहिलंय. दुखऱ्या खांद्यानं बिचारी एकटी सात आठवडे खरवडत बसली, आपण सहा धट्टेकट्टे वर निवांत काम करत होतो आणि एकानंही खाली डोकावून हात लावू का विचारलं नाही. उद्या साहेब लोक येणार, भिंत अशी, आणि मावशी लेकीपाशी. तात्यांना स्वतःची लाज वाटली. त्यांनी पाचही जणांना खाली बोलावलं. सहा माणसं दिवसभर त्या भिंतीला भिडली. लांबीचे दोन हात, वरून पॉलिश पेपर आणि संध्याकाळी पांढऱ्याचा एक हात. जेवायला दहा मिनिटं बसली असतील नसतील.

समिती दुपारी चारला यायची होती. मावशी आणि मिस्त्री सकाळी आठला बसमधून उतरले ते थेट तिथंच गेले. दारातून आत पाऊल टाकलं आणि समोर बावीस फूट पांढरी भिंत. कुठं उंचवटा नाही, कुठं रेघ नाही. तिच्याशेजारी सहा जण ओळीनं उभे आणि तात्यांच्या तोंडावर हसू.

"मावशी, नात झाली ना? ही घ्या आमच्याकडून भेट. तुमची भिंत उरकून टाकली."

मावशी होती तिथं जमिनीवर बसली. रागावणार तरी कुणावर? मिस्त्री मात्र तात्यांच्या अंगावर धावून गेला, तोंडाला येईल ते बोलला, विचारायची पद्धत आहे की नाही म्हणाला. तात्यांना काही उमगेना. आणि अर्ध्यातच मिस्त्रीचा आवाज बसला. तो बायकोकडे वळला आणि म्हणाला, चूक यांची नाही, माझी आहे. तू चित्र काढतेस हे मी यांना सांगितलंच नव्हतं, मला लाज वाटली.

भिंतीपेक्षा हे तिला जास्त लागलं. इतकी वर्षं जे ती मनातल्या मनात ओळखून होती ते आज कानांनी ऐकलं. ती उठली, भिंतीपाशी गेली आणि सवयीनं, लांबी कशी लागलीय ते बघायला, तिनं कडेला नख घातलं. बशीएवढा तुकडा अलगद सुटून हातात आला. खाली लाल रंग जसाच्या तसा चकाकत होता.

"तात्या, लांबीच्या आधी खालचा ऑइलपेंट घासून घेतला होता का?"

तात्यांनी मान खाली घातली. गुळगुळीत ऑइलपेंट घासून खरखरीत केल्याशिवाय त्यावर लांबी धरत नाही, ही मावशीची पहिली शिकवण. ती विसरल्याबद्दल तिनं आजवर भल्याभल्यांची बिनपाण्यानं केली होती. घाईत राहून गेलं, असं तात्या पुटपुटले. आणि मावशी हसायला लागली. कामचुकारपणा केल्याबद्दल तिनं जन्मात पहिल्यांदा कुणाला शाबास म्हटलं.

मग तिनं सगळ्यांच्या हातात पत्री दिली आणि हुकूम सोडला: जी लांबी आपणहून सुटेल तीच काढायची, जी धरून बसलीय तिच्या वाटेला जायचं नाही. लंबू म्हणून एक उंच गडी होता तो वरची बाजू बघायला घोड्यावर चढला, बाकीचे खाली. तात्यांना अजून नीट कळलं नव्हतं की हे नक्की काय चाललंय. पण मावशीनं सांगितलं म्हटल्यावर ते गुडघे टेकून बसले. मिस्त्री एका बाजूला सुटलेले पापुद्रे पोत्यात भरत होता. त्याच्याशी ती एक शब्द बोलली नाही. रंगावरची लांबी पापडासारखी सुटत होती, पण जिथं तिनं प्लास्टरपर्यंत खरवडलं होतं तिथं ती प्लास्टरला घट्ट धरून बसली होती. तासातासाला लाल मोकळा झाला, हिरवा मोकळा झाला, आणि त्यांच्यामधून लख्ख पांढऱ्या रेघा आणि पांढरे तुकडे वर आले.

सव्वातीनला काम संपलं. मावशी चालत पार दारापर्यंत गेली आणि वळली. ते मेलेलं सिमेंट गेलं होतं. पांढऱ्यानं सगळ्या रंगांना जागं केलं होतं, आणि आता एक बोटभरही इकडचं तिकडं करायची गरज नव्हती. चित्र बसलं होतं. इतके दिवस जे मिळत नव्हतं ते या सहा जणांनी चुकून लावून ठेवलं होतं. तिला इतका आनंद झाला की समितीचं ती विसरूनच गेली. तेवढ्यात ते सहा जणही तिच्याजवळ येऊन उभे राहिले आणि त्यांनी मागे वळून बघितलं. मग लंबूनं दबक्या आवाजात विचारलं की जरा वेळ इथंच थांबलं तर चालेल का.

चारला समिती आली. अध्यक्ष म्हणजे निवृत्त इंजिनिअर. सगळी हयात सरळ रेघा मारण्यात गेलेली. दोघांना चित्र बघताक्षणी आवडलं. दुसऱ्या दोघांनी हे काय आहे, मुलं विचारतील तर काय सांगायचं, असं सुरू केलं. आर्किटेक्ट बाई तावातावानं बोलल्या, त्यानं उलट बिघडायची वेळ आली. सगळं अध्यक्षांवर येऊन थांबलं. त्यांनी चष्मा पुसला, भिंत बघितली, करार काढून बघितला. मग सावकाश विचारलं, समजा नापसंत झालं, तर पांढरी करायला किती वेळ लागेल?

आता उत्तर द्यायचं ते मिस्त्रीनं. पण त्याच्याआधी तात्या पुढे झाले. तात्या साहेब लोकांपुढे कधी तोंड उघडत नसत.

"काल आम्हीच हिला लांबी लावली होती, साहेब. न कळून लावली. आज सकाळपासून आम्हीच ती काढली. आता कळून लावायची म्हणाल तर आमच्यातला कुणी लावणार नाही. दुसरी माणसं बघा."

अध्यक्षांना हे अपेक्षित नव्हतं. तुमची सही आहे या करारावर, त्यांनी मिस्त्रीला आठवण करून दिली. अट मोडली तर या इमारतीचंच नव्हे, पुढचंही काम हातचं जाईल. मिस्त्रीनं अंगातल्या सदऱ्याला हात पुसले. त्याचा चेहरा पडला होता, पण आवाज नाही.

"अट मोडली असं लिहा, साहेब. मी लांबी लावणार नाही. हे चित्र आहे. माझ्या बायकोनं काढलंय."

त्या सहा जणांच्या लांबीनं पांढऱ्या झालेल्या हातांकडे अध्यक्षांची नजर गेली, आणि मग पुन्हा भिंतीकडे, या वेळी बराच वेळ. इतक्या इमारती बांधल्या, ते म्हणाले, पण भिंत पांढरी करायला नकार देणारे रंगारी आज पहिल्यांदा बघतोय; यांना यात काहीतरी दिसतंय आणि ते मला दिसेपर्यंत ही भिंत इथं राहू दे. त्यांनी कराराच्या कागदावर मंजूर असं लिहून खाली सही केली. आर्किटेक्ट बाईंनी टाळ्या वाजवल्या, लंबूनं तात्यांना उचलूनच घेतलं.

मावशीला यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं. आपल्याला मंजुरी मिळाली हे तिला मागून सांगावं लागलं. मिस्त्री बारा माणसांसमोर जे बोलला ते वाक्यच अजून तिच्या कानात होतं. ती रंगाच्या एका उपड्या डब्यावर बसून पोटभर रडली, आणि मिस्त्री तिच्याशेजारी उभा होता, कुठंही दुसरीकडे न बघता.